फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि गोव्याचा पावसाळा

ऑगस्ट उजाडला की गोव्यातल्या बहुतेक घरांत एकच लगबग सुरू होते. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलेली असते, गणपतीच्या वर फळे-पाने टांगायच्या माटोळीची लाकडी चौकट माळ्यावरून खाली काढायची असते, आणि जून-जुलैच्या पावसाने भिंतींच्या कोपऱ्यांवर, कपाटांच्या पाठीवर, चामड्याच्या पट्ट्यांवर आणि चपलांवर काळी-हिरवी बुरशी धरलेली असते. मी फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे या दिवसांत शेजारची आणि नात्यातली माणसे मला हमखास विचारतात की कुठले औषध आणू. या प्रश्नाचे उत्तर एखाद्या नावात देता येत नाही. जंतुनाशक किती प्रमाणात घेतले, किती वेळ ठेवले, कशावर ओतले आणि कोणत्या जंतूसाठी ओतले, यावर त्याचा परिणाम ठरतो. हे चारही प्रश्न बाजूला ठेवून केवळ बाटली बदलत राहिल्याने पैसा जातो आणि बुरशी राहते. म्हणून या वेळी सगळे सविस्तर लिहून काढते आहे.

उग्र वास म्हणजे जालीम औषध, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. प्रयोगशाळेत नव्याने आलेली मुले दरवर्षी विचारतात, "मॅडम, इतका उग्र वास येतो, म्हणजे जंतू मरतच असणार ना?" या समजुतीला थोडा इतिहासाचाही आधार आहे. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये हाड मोडून उघड्या पडलेल्या जखमांवर कार्बोलिक आम्ल, म्हणजेच फिनॉल, वापरण्यास सुरुवात केली आणि १८६७ मध्ये आपले अनुभव 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर कित्येक दशके रुग्णालय आणि कार्बोलिकचा वास यांची जोडी लोकांच्या मनात पक्की झाली. आपले काळे फिनेल याच घराण्यातले आहे. दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणारी फिनॉलवर्गीय द्रव्ये साबणाच्या मदतीने पाण्यात मिसळतील अशी करून ते तयार होते. पांढऱ्या फिनेलमध्ये बहुधा पाइन तेल असते. दोन्हींचा वास घरभर पसरतो, पण हवेत उडून नाकापर्यंत आलेले द्रव्य किती आहे एवढेच तो वास सांगतो. लादीवर ते किती उरले आणि किती वेळ उरले, हे त्यावरून कळत नाही.

फिनेलच्या बाटलीवर बारीक अक्षरांत रिडील-वॉकर गुणांक छापलेला असतो, तो मात्र वाचण्यासारखा असतो. रिडील आणि वॉकर यांनी १९०३ मध्ये ही चाचणी मांडली. शुद्ध फिनॉलच्या तुलनेत एखादे जंतुनाशक किती पटीने पातळ केले तरी टायफॉइडचा जीवाणू तेवढ्याच वेळात मरतो, हे तिच्यावरून ठरते. गुणांक ५ असेल तर ते औषध फिनॉलपेक्षा पाचपट पातळ करूनही तेवढेच काम करते, आणि १८ असेल तर अठरापट. बाजारात एकाच रंगाच्या आणि एकाच वासाच्या दोन बाटल्यांचा गुणांक वेगवेगळा असू शकतो, आणि तसे असेल तर दोन्ही एकाच टोपणाने मोजून बादलीत ओतणे बरोबर नाही. या आकड्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. ही परीक्षा टायफॉइडच्या जीवाणूवर घेतलेली असते. पाइन तेल त्या जीवाणूवर चांगले चालते, पण त्वचेवर आणि जखमांत सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर त्याचा प्रभाव बराच कमी असतो. बुरशीबद्दल तर हा गुणांक काहीच सांगत नाही.

आता प्रमाणाचा मुद्दा. माझ्या मते घरगुती वापरात सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. औषध निम्मे घातले तर परिणाम निम्मा होईल किंवा वेळ दुप्पट लागेल, असा आपला सहज अंदाज असतो. क्लोरीनच्या बाबतीत तो जवळपास खराही ठरतो. फिनॉलच्या बाबतीत तो साफ चुकतो. फिनॉलची तीव्रता निम्मी केली तर तेवढेच जंतू मारण्यास दुप्पट नव्हे, सुमारे ६४ पट वेळ लागतो, कारण तेथे वेळेचा संबंध तीव्रतेच्या सहाव्या घाताशी असतो. दहा मिनिटांचे काम दहा तासांहूनही लांबते. अल्कोहोलचा घात तर दहाच्या आसपास आहे, म्हणून सॅनिटायझरमध्ये पाणी घालून तो पुरवून वापरणे म्हणजे त्यातले काम काढून घेणेच होय. हे गणित १९०८ च्या सुमारास हॅरिएट चिक आणि त्यांच्या समकालीनांनी मांडले आणि आजही त्यात फारसा बदल करावा लागलेला नाही. मोठ्या बादलीभर पाण्यात अर्धे टोपण फिनेल टाकून सारे घर पुसून काढले, तर घराला वास लागतो आणि लादीवरची धूळही निघते, पण ज्यासाठी ते द्रव्य विकत घेतले ते काम त्यात होत नाही. बाटलीवर जे प्रमाण दिलेले असेल ते मापाने घ्यावे आणि तेवढ्या पाण्यात जितकी जागा पुसून होईल तितकीच पुसावी.

अल्कोहोलबाबत याच्या उलट बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण शंभर टक्के शुद्ध स्पिरिट अधिक परिणामकारक असेल असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ७० टक्क्यांच्या आसपासचे अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा चांगले काम करते. जीवाणूंच्या पेशीतील प्रथिने बिघडवण्यासाठी पाण्याची गरज असते, आणि त्यात पाणी असल्याने ते पृष्ठभागावर थोडे अधिक काळ टिकतेही. जागतिक आरोग्य संघटनेने हातांसाठी सुचवलेल्या दोन मिश्रणांत ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असते.

वेळेचा मुद्दा प्रमाणाइतकाच महत्त्वाचा आहे. जंतुनाशक लावल्यापासून पृष्ठभाग ओला राहील तेवढाच काळ ते काम करते. रुग्णालयात वापरायच्या औषधांवर पाच किंवा दहा मिनिटे असा स्पर्शकाळ लिहिलेला असतो. आपण मात्र ओल्या फडक्याने ओटा पुसतो आणि लगेच दुसऱ्या, कोरड्या फडक्याने तो कोरडा करतो. जाहिरातीतला ९९.९ टक्क्यांचा दावा खोटा नसतो, पण तो नेमून दिलेल्या तीव्रतेला आणि नेमून दिलेल्या वेळेला धरून असतो, आणि त्याचा अर्थही नीट समजून घ्यावा लागतो. दहा लाख जीवाणूंपैकी ९९.९ टक्के मेले तर एक हजार उरतात. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे त्या एक हजारांचे पुन्हा दहा लाख होण्यास साधारण साडेतीन तास पुरे होतात. म्हणूनच व्यावसायिक वापराच्या जंतुनाशकांसाठी युरोपात प्रचलित झालेल्या चाचणीत जीवाणूंची संख्या पाच मिनिटांत एक लाख पटीने घटली पाहिजे, अशी अट घातली गेली. बुरशीसाठीच्या तिच्या जोडीच्या चाचणीत पंधरा मिनिटे दिली गेली आणि दहा हजार पट घट पुरेशी मानली गेली. बुरशी अधिक चिवट असते, याची कबुली त्या दोन आकड्यांतच आहे.

मळ हा जंतुनाशकाचा खरा शत्रू आहे. रक्त, दूध, माशाचे पाणी, अन्नाचे कण, माती, या सगळ्यांशी क्लोरीन आधी अभिक्रिया करतो आणि त्यातच संपून जातो. चिक आणि मार्टिन यांनी १९०८ मध्ये आपल्या चाचणीत मुद्दाम सेंद्रिय मळ मिसळला आणि स्वच्छ पाण्यात मिळणारा परिणाम मळात किती घसरतो हे दाखवून दिले. गोव्याच्या स्वयंपाकघरात बांगडा किंवा सुंगटे साफ केल्यावर मोरीवर थेट ब्लीच, म्हणजे क्लोरीनयुक्त द्रावण, ओतणे याच कारणाने निष्फळ ठरते. आधी साबणाने आणि भरपूर पाण्याने घासून मोरी स्वच्छ करावी, साबण धुऊन टाकावा आणि त्यानंतर जंतुनाशक लावावे. हा क्रम उलटा केला तर औषध वाया जाते. घासण्याने आणि धुण्यानेच जंतूंचा फार मोठा भाग निघून जातो, हे मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. एरवी निरोगी माणसे राहत असलेल्या घरात रोज जंतुनाशकाची गरजही नसते. घरात कोणी आजारी असेल, उलटी-जुलाब झाले असतील, कच्चे मांस किंवा मासळी हाताळली असेल, तेव्हा ते वापरावे.

सगळे जंतू एकाच औषधाने मरत नाहीत, आणि मरण्याला किती विरोध करतात याचीही एक उतरंड आहे. चरबीचे आवरण असलेले विषाणू सर्वांत लवकर नष्ट होतात. कोविडच्या विषाणूचा हात धुताना साबणापुढे टिकाव लागला नाही तो त्यामुळेच. त्यांच्यानंतर स्टॅफिलोकॉकससारखे ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅम यांच्या रंगचाचणीत जांभळा रंग धरून ठेवणारे) जीवाणू येतात. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंना बाहेरून एक जादा पटल असते, त्यामुळे बरीच रसायने आत शिरू शकत नाहीत, आणि त्यांतला स्युडोमोनास तर आत शिरलेले द्रव्य पंपाने बाहेर फेकतो. बुरशी त्यांच्याही पुढे आहे, क्षयाचा जीवाणू त्याच्या मेणचट आवरणामुळे आणखी पुढे, आणि सर्वांच्या टोकाला जीवाणूंचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळात तग धरणारी त्यांची कठीण कवचाची रूपे, आहेत. रॉबर्ट कोख यांनी १८८१ मध्ये रेशमाच्या धाग्यांवर ॲन्थ्रॅक्सचे बीजाणू वाळवून ते निरनिराळ्या रसायनांत बुडवले, तेव्हा लिस्टर यांचे नावाजलेले कार्बोलिक आम्ल त्यांच्यापुढे फारसे चालत नाही असे दिसून आले. मर्क्युरिक क्लोराइड मात्र फार प्रभावी भासले. पुढे १८८९ मध्ये गेपर्ट यांनी धाग्याला चिकटून राहिलेला पारा रसायनाने निष्प्रभ केला, तेव्हा मेलेले समजले गेलेले बीजाणू पुन्हा वाढू लागले. औषधाने जंतूची वाढ थांबवली होती, त्याला मारले नव्हते. आजही कोणत्याही जंतुनाशकाच्या चाचणीत ठरावीक वेळ संपताच ते निष्प्रभ करणारे द्रव्य घालावेच लागते, आणि ते घातले नसेल तर त्या चाचणीच्या निकालावर मी विश्वास ठेवत नाही.

स्पिरिटने पुसलेले उपकरण निर्जंतुक झाले असे समजणेही याच कारणाने धोक्याचे आहे. अल्कोहोल बीजाणूंना मारत नाही. शरीराच्या आत जाणारी उपकरणे १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेच्या दाबाखाली किमान पंधरा मिनिटे ठेवावी लागतात, आणि जी उष्णता सोसत नाहीत त्यांच्यासाठी ग्लुटाराल्डिहाइडसारखी द्रव्ये तासन्‌तास वापरावी लागतात. कानात बाळी घालणाऱ्याने सुई किंवा न्हाव्याने वस्तरा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला तर बराचसा धोका कमी होतो, सगळा धोका जात नाही. एकदाच वापरायचे पाते हाच तेथे योग्य मार्ग आहे.

आता बुरशीकडे येते, कारण गोव्यात राहणाऱ्याला खरा छळ तिचाच असतो. वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतांश चार महिन्यांत पडतो आणि त्या महिन्यांत हवेची आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या खाली येत नाही. बुरशीला वाढायला भिंतीवरची धूळ, रंगातली सेंद्रिय द्रव्ये, चामडे, कागद आणि लाकूड एवढे अन्न पुष्कळ झाले. तिला फक्त ओल हवी असते, आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती मूळ धरते.

प्रयोगशाळेत मुलांना मी एक साधी गोष्ट दाखवते. काचेच्या बशीत वाढलेल्या ॲस्परजिलस नायजरच्या काळ्या, मखमली थरावर पाण्याचा एक थेंब अलगद सोडायचा. तो थेंब पसरत नाही, भिजवत नाही. गोल राहून वर डळमळतो, आणि बशी कलती केली की घरंगळत पुढे जातो. घरंगळताना तो पृष्ठभागावरची काळी पूड अंगाला लावून घेतो, आणि भिंगाखाली पाहिले तर ती पूड म्हणजे हजारो बीजाणू असतात. या बीजाणूंच्या पृष्ठभागावर पाण्याला दूर ठेवणारा थर असतो, शिवाय काळ्या जातींच्या आवरणात मेलॅनिन असते, जे ब्लीचसारख्या प्राणवायू सोडणाऱ्या रसायनांपासून काही प्रमाणात त्यांचे रक्षण करते. प्रयोगशाळेत बीजाणू पाण्यात मिसळायचे असतील तर आम्ही ट्वीन ८० नावाचे साबणासारखे द्रव्य किंचित घालतो, तेव्हा कुठे ते भिजतात. एकदा हा थेंब डोळ्यांनी पाहिला की भिंतीवरच्या बुरशीवर नुसते पाण्यातले फिनेल शिंपडून ती का जात नाही, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच प्रयोगातून दुसरी गोष्टही समजते. कोरडी बुरशी कुंच्याने झाडू नये. झाडली की बीजाणू हवेत उडतात, घरभर पसरतात आणि दम्याच्या माणसाच्या छातीत जातात. नाकातोंडाला चांगला मास्क लावावा, खिडक्या उघडाव्यात, साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने बुरशी हलक्या हाताने पुसून घ्यावी आणि ते फडके सरळ टाकून द्यावे. बुरशी मेली म्हणजे त्रास संपला, असेही नाही. मेलेल्या बीजाणूंनीही ॲलर्जी होते, म्हणून ती मारण्यापेक्षा काढून टाकणे अधिक महत्त्वाचे असते. टाइल्स, काच, पोर्सेलीन अशा पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागांवर त्यानंतर ब्लीच उत्तम काम करते. बाजारात मिळणारे सोडियम हायपोक्लोराइट बहुधा चार ते सहा टक्के असते. पाच टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की अर्धा टक्का तीव्रतेचे द्रावण होते. ते न्हाणीघराच्या टाइलींच्या सांध्यांवर दहा मिनिटे ओले राहू द्यावे आणि मग धुऊन टाकावे. चामड्याला ब्लीच लावू नये, त्याने चामडे खराब होते. चपला आणि पट्टे बाहेर नेऊन आधी पुसावेत, मग स्पिरिटने पुसून उन्हाची तिरीप येईल तेव्हा वाळवावेत.

चिऱ्याच्या भिंतीची गोष्ट निराळी आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो, पाणी शोषतो, आणि पायातून वर चढणारी ओल त्याच्यात पावसाळाभर राहते. अशा भिंतीवर ब्लीच शिंपडले की वरचा काळा रंग उडून जातो आणि भिंत स्वच्छ दिसू लागते, पण क्लोरीन वरच्या थरातच संपतो आणि त्याच्याबरोबरचे पाणी आत मुरते. आतले तंतू जिवंत राहतात, आणि वरून खुडलेल्या दूर्वा जशा मुळापासून पुन्हा फुटतात तशी बुरशी दोन आठवड्यांत परत येते. जुन्या घरांना चवथीपूर्वी चुना काढण्याची जी पद्धत होती ती या दृष्टीने फार शहाणपणाची होती. ताज्या चुन्याचा सामू (पीएच) बारापेक्षा अधिक असतो, एवढ्या अल्कधर्मी पृष्ठभागावर बुरशी वाढत नाही, आणि चुन्याचा थर भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हा सामू हळूहळू उतरतो, म्हणून चुना दरवर्षी काढावा लागतो. त्याच भिंतींवर आता प्लास्टिक इमल्शन लावले जाते, ओल आत कोंडते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्यामागे बुरशी सुखाने वाढते. गळके कौल बदलणे, भिंतीलगतच्या मातीचा उतार बाहेरच्या बाजूला काढणे, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे आणि बंद खोलीत वारा खेळता ठेवणे, यांना कोणत्याही बाटलीचा पर्याय नाही. आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर बुरशी वाढत नाही, आणि ज्यांना परवडते त्यांनी पुस्तकांच्या किंवा कॅमेऱ्याच्या कपाटापुरते तरी ते साधावे.

सत्तरी-फोंड्याकडच्या कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत, बुरशी येण्याआधीच बंदोबस्त करण्याचे हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाते. पावसाळा सुरू होण्याच्या तोंडावर पोफळीच्या घोसांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. फ्रान्समधील मिलार्दे यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले हे मिश्रण आजही पोफळीची फळे कुजवणाऱ्या कोळेरोगावर वापरले जाते. मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहण्यासाठी त्यात लोखंडी सुरी बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबे मोकळे आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालायची, नाहीतर कोवळी फळे भाजतात. कोळेरोगाचा फायटोफ्थोरा हा काटेकोरपणे पाहता बुरशीच नव्हे, त्याची पेशीभित्ती सेल्युलोजची असते, पण तांबे त्याच्या रुजणाऱ्या बीजाणूंना मारते. मुख्य मुद्दा असा की हे औषध फळाला रोग लागण्याआधी अंगावर असावे लागते. रोग आत शिरल्यावर फवारलेले बोर्डो फळ वाचवत नाही. पावसाने थर धुऊन निघतो म्हणून साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप पाहून, दुसरी फवारणी करतात.

अलीकडे दुकानांत वास नसलेल्या किंवा मंद सुगंधाच्या ज्या जंतुनाशकांची चलती आहे त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. डोमाक यांनी १९३५ मध्ये त्याचे जंतुनाशक गुण दाखवले. हे द्रव्य त्वचेला सौम्य आहे, डाग पाडत नाही आणि स्वच्छ लादीवर सामान्य जीवाणूंसाठी पुरेसे आहे. पण ते धनभारित असल्याने साबणाशी जुळून निष्प्रभ होते, म्हणून साबणाचे पाणी पूर्ण धुतल्याशिवाय ते लावू नये. स्युडोमोनास आणि बर्कहोल्डेरियासारखे जीवाणू त्याच्या पातळ द्रावणात नुसते तगत नाहीत, वाढतातही. अशा दूषित द्रावणांमुळे रुग्णांना संसर्ग झाल्याचे वैद्यकीय साहित्यात अनेकदा नोंदवले गेले आहे. एका दवाखान्यात मी रुंद तोंडाच्या बरणीत जंतुनाशकात बुडवून ठेवलेले कापसाचे बोळे पाहिले होते, आणि बरणी संपत आली की तिच्यातच नवे द्रावण ओतले जात असे. असे कधीही करू नये. द्रावण रोज ताजे करावे, बरणी रिकामी करून, धुऊन आणि वाळवूनच पुन्हा भरावी. रुग्णालयांना आता एक नवी चिंता आहे. कॅन्डिडा ऑरिस ही यीस्ट २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णन केली गेली, ती खाटा आणि उपकरणांवर आठवडेच्या आठवडे जगते, अनेक बुरशीरोधक औषधांना दाद देत नाही, आणि बेन्झाल्कोनियमच्या वर्गातली जंतुनाशके तिच्यावर भरवशाची नाहीत. तेथे क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित द्रव्येच वापरावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बुरशींची जी प्राधान्य यादी काढली तिच्यात ती सर्वांत गंभीर गटात आहे.

विहिरीबद्दल मात्र थोडे थांबून लिहिते, कारण नळ आला तरी गोव्यातल्या पुष्कळ घरांत विहीर अजून वापरात आहे, आणि चिऱ्याच्या जमिनीतून शौचकुंडाचे पाणी फार झपाट्याने झिरपते. विहीर आणि शौचकुंड यांत किमान पंधरा मीटर अंतर असावे असे सांगितले जाते, आणि लहान भूखंडांत ते पाळले जात नाही. अशा विहिरीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात ती तिच्यातल्या क्लोरीनसाठी, आणि क्लोरीनची ताकद निःसंशय मोठी आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ च्या मे महिन्यात डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले, आणि प्रसूतिकक्षातला मृत्युदर एप्रिलमध्ये १८.३ टक्के होता तो जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आला. जंतू रोग पसरवतात हे तेव्हा सिद्धही झालेले नव्हते.

विहिरीत ब्लीचिंग पावडर अंदाजाने ओतू नये, हिशेब करावा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणायचे, चाराने भागायचे आणि हजाराने गुणायचे, की लिटर मिळतात. तीन मीटर व्यासाच्या आणि चार मीटर पाण्याच्या विहिरीत सुमारे २८,२६० लिटर पाणी असते. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर या हिशेबाने तिला साधारण सत्तर ग्रॅम लागते. बादलीत आधी थोड्या पाण्यात पावडरीची पेस्ट करावी, मग बादली तीन चतुर्थांश भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे निवळू द्यावे. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून ती विहिरीत सोडावी, दोरीने बादली खालीवर करून पाणी चांगले घुसळावे. तळाचा चुना विहिरीत टाकू नये, त्याने पाणी जड होते. हे काम रात्री, दिवसाचे पाणी काढून झाल्यावर करावे आणि किमान एक तास पाणी काढू नये. तासाभराने मोकळा क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम असावा. तपासणीचे संच मिळतात, आणि तो कमी आढळला तर मात्रा पुन्हा द्यावी. पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ असताना क्लोरीन गढूळपणातच खर्च होतो, म्हणून तेव्हा पिण्याचे पाणी गाळून उकळणेच सुरक्षित. पाण्याचा सामू आठच्या वर असेल तरीही क्लोरीन मंदावतो, कारण जंतू मारणारे हायपोक्लोरस आम्ल तेव्हा फारच थोडे उरते.

हा सारा हिशेब पावडर ताजी असेल तरच लागू पडतो. ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो, आणि आपल्या दमट हवेत उघडी राहिलेली पिशवी काही आठवड्यांत निकामी होते. पावडरीचे गोळे झाले असतील आणि वास मंदावला असेल तर ती विहिरीसाठी घेऊ नये. हायपोक्लोराइटही उन्हाने आणि उष्णतेने विघटित होते, म्हणून बाटलीवरची उत्पादनाची तारीख पाहूनच घ्यावी, ती अपारदर्शक डब्यात आणि सावलीत ठेवावी, आणि पातळ केलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे.

ब्लीच दुसऱ्या कशातही मिसळू नये. शौचालय साफ करण्याच्या आम्लाबरोबर त्यातून क्लोरीन वायू निघतो, अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रव्याबरोबर क्लोरामाइन तयार होते, आणि स्पिरिटबरोबर क्लोरोफॉर्म. फिनेलमध्ये मिसळले तर दोन्हींचे काम बिघडते. लहान, बंद न्हाणीघरात हा प्रकार झाला, डोळे चुरचुरू लागले आणि छाती भरून आली, तर पाणी ओतून साफ करण्याच्या नादी न लागता आधी दार उघडे टाकून बाहेर मोकळ्या हवेत यावे, घरातल्या मुलांना आणि वयस्कांना दूर न्यावे, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे.